मापाच्या वहीची मागची पानं

मी यादी उघडली तेव्हा विभागात टाळ्या वाजत होत्या. सर खुर्चीवर चढून बोलत होते, आणि आमचे सर खुर्चीवर चढतात म्हणजे खरंच काहीतरी मोठं झालेलं असतं. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा जो आजार आहे, त्यावरच्या आमच्या गोळीची ट्रायल यशस्वी झाली होती. त्या गोळीनं आजार बरा होत नाही, पण त्याची चाल मंदावते. पाच वर्षांचं काम, एकशे बारा रुग्ण. सगळ्यांचे चेहरे फुलले होते. मी कोपऱ्यातल्या संगणकावर सदतीस नंबर शोधत होते.

सदतीस नंबर म्हणजे माझे भाऊजी, ताईचे यजमान. त्यांना जाऊन सात महिने झाले होते.

नंबरापुढे लिहिलं होतं, औषध. मी पडद्यावर पट्टी धरून पुन्हा वाचलं, न जाणो, नजर वरच्या किंवा खालच्या ओळीवर गेली असेल. पण ओळ तीच होती.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा ट्रायलमध्ये अर्ध्या रुग्णांना खरं औषध मिळतं आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नसतं, डॉक्टरांना नसतं, आणि आम्हा नर्सनाही नसतं. निदान नसायला हवं. पण एकोणीस वर्षं हेच केल्यावर मला शिंगं फुटली होती. खऱ्या गोळीनं पुष्कळांचं पोट बिघडायचं. जो रुग्ण आल्या आल्या संडासाजवळची खुर्ची पकडायचा तो खऱ्या गोळीवर, असा माझा हिशेब. चहाच्या वेळी मी बोट दाखवून सांगायचे, हा खरा, ती पोकळ, आणि बाकीच्या हसायच्या. सरांच्या कानावर गेलं असतं तर माझी धडगत नव्हती.

भाऊजी शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टांगलेले कागदी साचे, खिडकीत गुंड्यांच्या बरण्या. नात्यातले म्हणून त्यांची फाइल मी हाताळायची नाही असा नियम होता, ते काम दुसऱ्या सिस्टरकडे होतं. पण त्यांची रोजची नोंदवही तिच्या टेबलावर उघडी पडलेली असायची, आणि माझे डोळे काय, जायचेच. 'पोटाचा त्रास' या रकान्यात चौदा महिने, रोज, वळणदार अक्षरात एकच शब्द होता. नाही.

झालं. माझा निकाल लागला. भाऊजी पोकळ गोळीवर.

मग मला त्यांचे हाल बघवेनात. महिन्यातून दोनदा दोन बस बदलून यायचं, सोबत ऑक्सिजनचं सिलिंडर, नळकांड्यात फुंकायचं, सहा मिनिटं व्हरांड्यात चालून दाखवायचं, रक्त द्यायचं. परत गेले की दोन दिवस मशीनला हात लावायचं त्राण नसायचं. एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. ताई मागे कपडे वाळत घालत होती. भाऊजी नाकात नळी लावून एका कोटाची बाही जोडत होते.

"भाऊजी, एक सांगू? कुठे बोलायचं नाही."

"बोल की."

"तुमची गोळी खोटी आहे. नाव काढून घ्या. कशाला एवढ्या खेपा घालता?"

त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "तुला दाखवतात होय?"

"नाही दाखवत. पण मला माहीत आहे. कसं ते विचारू नका, तेवढं नाही सांगता येणार. नियम आहे."

याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते. अर्धा नियम मोडला आणि उरलेला अर्धा पाळला म्हणून वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुरता मोडला असता, कशावरून म्हणते ते सांगितलं असतं, तर ते तिथल्या तिथे हसून म्हणाले असते, अगं वेडे, माझ्या पोटाचं तुला काय माहीत!

ते म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे असेल." पुढच्या आठवड्यात त्यांनी नाव काढलं. सरांनी समजावून पाहिलं, पण भाऊजी सही करून मोकळे झाले. पाच महिन्यांनी गेले.

आता नियमाप्रमाणे प्रत्येक घरी पत्र जाणार होतं, तुमच्या माणसाला कोणती गोळी मिळत होती ते सांगणारं. ताईचं पत्र मी पोस्टात पडू दिलं नाही. सरांना विचारून मीच घेतलं आणि रविवारी दुपारी तिच्याकडे गेले.

ताई आवराआवर करत होती. मशीन कोणीतरी नेलं होतं, त्याच्या पायांचे चार ठसे फरशीवर उरले होते. मला बघून तिला बरं वाटलं. "बस. काहीतरी खाल्लंयस का? नुसती हाडं राहिलीयेत." मग तिनं एक जाडजूड वही माझ्या मांडीवर टाकली. "ही घेऊन जा. तुझी मापं आहेत यात, पहिल्या फ्रॉकपासून. रद्दीत घालवत नाही."

भाऊजींची मापाची वही. नजरेनंच माणसाची छाती इंचात सांगायचे, तरी टेप लावल्याशिवाय कात्री हातात घेत नसत. मी पानं चाळत गेले. मागची काही पानं वेगळी होती. नाव नाही, खांदा नाही, बाही नाही. नुसत्या तारखा आणि पुढे एकेक आकडा. चार. सहा. पाच. सात. सात. पहिली तारीख ट्रायल सुरू झाल्याच्या चौथ्या दिवसाची होती.

आमच्या वहीत 'नाही' लिहिणाऱ्या माणसाला खोटं माप सहन झालं नव्हतं. दिवसातून किती वेळा संडासला जावं लागलं, ते खरं त्यांनी इथे लिहून ठेवलं होतं.

नाव काढलं त्या तारखेनंतर आकडे उतरले होते. तीन. दोन. एक. एक. एक. मग काहीच नाही.

म्हणजे त्यांना कळलं होतं. गोळी थांबली आणि पोट ताळ्यावर आलं. असल्या माणसाला दोन अधिक दोन करायला कितीसा वेळ लागणार?

आणि मला आठवलं. नाव काढल्यावर दोनेक आठवड्यांनी त्यांनी मला नवा पांढरा कोट शिवून देतो म्हणून बोलावलं होतं. टेप घेऊन उभे राहिले, उभं राहताना धाप लागत होती.

"माझं माप आहे की तुमच्याकडे," मी म्हटलं.

"मागच्या वेळचं माप मागच्या वेळचं. हात वर कर." मग खांद्यावर टेप धरून, माझ्या पाठीमागून म्हणाले, "नाव एकदा काढलं की परत लावता येतं का गं?"

"भाऊजी, ते काय शाळेचं हजेरीपुस्तक आहे का? गेलं ते गेलं. आणि आता कशाला हवंय?"

"काही नाही. सहज विचारलं." त्यांनी माप वहीत लिहिलं आणि मला दोन खिसे हवेत की तीन ते विचारलं. मी हसत होते. तीन म्हटलं.

"काय झालं गं?" ताई म्हणाली. "रडतेस कशाला?"

मी पर्समधून पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा शोधला, वाचलं, घडी घातली. मी सगळं सांगून टाकलं, चहाच्या वेळची थट्टा, ते 'नाही', ती दुपार, तो कोट. म्हटलं, खरी गोळी चालू राहिली असती तर कदाचित वर्षभर मिळालं असतं, कदाचित काहीच मिळालं नसतं, पण ते माझ्यामुळे गेलं. माझ्या नजरेवर माझा फार विश्वास होता, ताई.

ती फरशीवरच्या ठशांकडे बघत राहिली.

"त्यांच्यासोबत तुमच्याच ट्रायलमधला एक बस कंडक्टर यायचा," ती शेवटी म्हणाली. "पोट बिघडलं म्हणून त्याची गोळी बंद केली तुम्ही. तेव्हापासून हे घाबरले. म्हणाले, माझीही बंद करतील, धाकटीला कळू द्यायचं नाही. तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी उपाशी राहायचे. चादरी मी धुवायचे."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती." तिनं माझ्या मांडीवरची वही उचलली, मागची पानं उघडली आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. "पण तू विचारलं असतंस तर मी शपथ मोडली असती. मी तिथेच तर होते, मागे, कपडे वाळत घालत. मला एकदा विचारायचंस गं."