गाळलेलं वाक्य

नेकनूरच्या वाचनालयात दसऱ्याला पोथ्यापुस्तकं मांडून सरस्वतीची पूजा व्हायची आणि मग गहिनीनाथ मास्तर मराठीवर बोलायचे. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूची, शाळाही उर्दूची. आपल्या भाषेचा मान असा हा एकच दिवस, म्हणून पंचक्रोशीतली माणसं धुतलेले कपडे घालून यायची.

त्या वर्षी नवा हुकूम निघाला. सभेला परवानगी लागेल, आणि काय बोलणार ते आधी उर्दूत लिहून द्यावं लागेल.

ते काम शिवशरणकडं आलं. तो तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. बाराखडी मास्तरांनीच त्याला ओसरीवर गिरवायला लावली होती. उर्दू तो पुढं पोटासाठी शिकला.

भाषणाच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं : ‘लेकराला आईच्या भाषेत शिकू न देणं म्हणजे त्याचं तोंड बांधणं.’ शिवशरणचा टाक थांबला. हे असंच वर गेलं तर परवानगी मिळायची नाही, आणि खाली सही त्याची होती. त्यानं वाक्य गाळलं. मास्तरांना सांगू, असं त्यानं ठरवलं. पण परवानगी आली तेव्हा मास्तरांनी भर बाजारात त्याला पोटाशी धरलं. “तुझ्यामुळं झालं बघ, शिवशरण!” सांगायचं राहूनच गेलं.

दसऱ्याला पोलीस जमादार उर्दू कागद मांडीवर घेऊन बसला. मास्तर बोलत गेले, तसं जमादाराचं बोट ओळीओळीनं सरकत गेलं. तिसऱ्या पानावर बोट अडलं.

“ये कहाँ लिखा है?” तो उठून उभा राहिला.

सभा मोडली. संध्याकाळच्या आत वाचनालयाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबानं दोघांनाही समोर उभं केलं. मास्तर निर्धास्त होते. “हुजूर, मूळ कागद याच्यापाशी हाय. विचारा त्याला.”

साहेबानं शिवशरणकडं पाहिलं.

“त्यात ते वाक्य न्हवतं, हुजूर,” शिवशरण म्हणाला.

मास्तरांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आठ दिवसांत मुलूख सोडायचा हुकूम त्यांना तिथंच मिळाला.

घरी त्याच्या बायकोनं, मल्लम्मानं, पेटीच्या तळातून मराठी कागद काढून त्याच्यापुढं ठेवला. “ह्यो काय हाय मग?”

“नोकरी जाईल माझी.”

“आन् मास्तर?”

त्यानं कागद परत पेटीत ठेवला. मल्लम्मानं पुन्हा विचारलं नाही. त्याला वाढायची तेवढी वाढत राहिली. सहा दिवस तो घास कोंबल्यासारखा जेवला. सातव्या दिवशी कागद घेऊन साहेबापुढं गेला. साहेबानं तो दुसऱ्या कारकुनाकडून वाचून घेतला. मास्तरांच्या हद्दपारीचा हुकूम वर गेला होता, तो काही फिरला नाही. शिवशरणला मात्र उभ्या उभ्या बडतर्फ केलं.

मास्तर बैलगाडीनं नगरच्या वाटेला लागले होते. पलीकडं इंग्रजी मुलूख. शिवशरणनं त्यांना वाटेतल्या कडा गावी, देवळाच्या पारावर गाठलं. पाय धरले, सगळं सांगितलं.

मास्तरांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, “आधी सांगितलं असतंस, तर मीच गाळलं असतं ते. सभा व्हनं मोठं होतं, बाबा. एक वाक्य काय, पुढल्या साली बोललो असतो.”

यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर शिवशरणला हलकं वाटलं असतं. मास्तरांनी फडकं सोडून अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. बैलं जुंपून झाली तशी गाडी हलली.

मास्तर परत आले नाहीत. वाचनालयाचं कुलूप अकरा वर्षं निघालं नाही. शिवशरण मेव्हण्याच्या दुकानात गूळ तोलायला लागला. लोक अजूनही उर्दू अर्ज लिहून घ्यायला त्याच्याकडं येत. तो लिहून द्यायचा. पण घडी घालण्याआधी समोरच्याला बसवून घेऊन एकेक ओळ मराठीत सांगायचा, आणि माणूस कंटाळून “बास की शिवशरणआप्पा” म्हणाला, तरी मधे थांबायचा नाही.