काटेकोर वाटणी

भांडणं मिटावीत म्हणून सुताराने घरात एक नियम काढला: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. मुलं आपोआप दुसऱ्याचा विचार करायला शिकतील, असं त्याने बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

मुलं शिकली, पण सुतारकाम. केक आला की ताई पट्टी घेऊन बसायची आणि धाकटा बापाचा गुण्या आणून काटकोन तपासायचा. वरची चेरी अर्धी करताना तर दोघंही श्वास रोखून धरत. कणभर इकडचं तिकडे झालं की घर डोक्यावर घेत. एकदा आत्या आली होती, तर "मला नको गं बाई, उगाच तुमचं माप चुकायचं," म्हणून चहावरच उठली.

"छान उदार झाली हो तुमची मुलं!" बायको म्हणायची. सुतार वरवर हसायचा, पण मनातून धास्तावला होता. दोन माणसं घडवायला निघालो आणि दोन तराजू करून बसलो, हे त्याला आत कुठेतरी खात होतं.

त्या दिवशी शाळेत नाटक होतं. धाकट्याला एकच वाक्य होतं. घरातल्या भिंतींनाही ते पाठ झालं होतं. रंगमंचावर मात्र त्याची दातखीळ बसली आणि सगळी शाळा हसली. घरी येऊन तो कोपऱ्यात तोंड लपवून बसला. आईने केक पुढे ठेवला. कापायची पाळी ताईची होती.

तिने पट्टी आणलीच नाही. सुरी केकच्या कडेला टेकवली आणि कापून मोकळी झाली. एक तुकडा भला थोरला, अख्ख्या चेरीसकट. दुसरा म्हणजे नुसती कड.

धाकट्याने डोळे बारीक केले. "हे काय गं?"

"हात घसरला. उचल आता लवकर."

सुताराने लेकीकडे पाहिलं. हा हात त्याने स्वतः बसवला होता, तो घसरणारा नव्हता.

"बाबा, हिने मुद्दाम केलंय ना? मला कुणाची कीव नकोय."

आपल्या हत्याराला कुणी बोथट म्हटलं तर दोन दिवस अबोला धरणारा हा माणूस. त्याने सुरी उचलली, अंगठ्याने चाचपून पाहिली आणि तोंड पाडून म्हणाला, "तिचा काय दोष? धारच गेलीय हिची. खा तू."