दोन गड्यांचा कोयता

"बजरंग पुढच्या टोळीत, गोरक्ष माझ्याबरं!" मुकादम अजिनाथ ओरडला. पाथर्डीकडच्या वस्तीवरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघायच्या बेतात होते.

गोरक्षने बोचकं खालीच ठेवलं. "आमी दोघं एक कोयता हाय, मुकादम."

एकच हशा पिकला. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटा माणूस तो अर्धा कोयता. मुकादम त्याला हवं तिथं जुंपणार.

"दोन गड्यांचा कुटं कोयता असतो व्हय रं?" चांगुणामावशीनं तोंडाला पदर लावला. "पाचटाच्या कोपीत भाकरी कोन थापनार?"

"ज्याला आदी भूक लागंल त्यो."

"आन् दोघांत नवरा कोन?"

"तुमच्यात कोन हाय, मावशे?"

आता चांगुणाचा नवरा सोडून सगळे हसले. अजिनाथ मात्र खवळला. "लोकं काय म्हनतील?"

"म्हनत्यातच की. त्यातलं कोन ऊस तोडाय येतंय का?"

"मंग ऱ्हावा दोघंबी घरी!"

"ऱ्हातो."

गोरक्ष बोचक्यावर बसला. इतका वेळ मान खाली घालून उभा असलेला बजरंग आला आणि सगळ्यांदेखत त्याला खेटून बसला. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. या दोघांच्या हाताला टोळीत जोड नव्हती, हे मुकादमालाही ठाऊक होतं.

"चढा रं," तो धुसफुसला. "एक कोयता!"

टोळ्यांनी ती गोष्ट थट्टेनं कारखान्या-कारखान्यावर नेली. पण तिथं लपूनछपून जगणारे असेच काही गडी होते; त्यांनी तो शब्द आपलासा केला. "तुझा कोयता कोन?" असं ते एकमेकांना हळूच विचारू लागले. विचारता विचारता शब्द शहराकडं, भिंगारला गेला, केडगावला गेला, आणि उसाचं पाचट कधी न पाहिलेल्या कॉलेजच्या पोरांच्या तोंडी बसला.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. परवा शहरात, सावेडीत, हर्षल नावाच्या पोराच्या फ्लॅटवर अशी मंडळी जमली होती. कुणाच्या तरी ओळखीनं गोरक्षही गेला होता. हर्षलनं शेजारच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकला. "काका, हा माझा कोयता. तुमचा कुठंय?"

गोरक्षचा हात टोपीकडं गेला. पंधरवड्यापूर्वी बजरंगच्या दहाव्याला भावकीनं त्याला घाटावर अडवलं होतं, "तू कोन लागतो त्याचा?" म्हणून. तो सरळ न्हाव्यापुढं जाऊन बसला होता.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. भादरलेल्या डोक्यावर पांढरे खुंट नुकते कुठं उगवत होते.