मागून आणलेलं विरजण

गावातून कुणी बाहेर पडायचं ठरवलं, की तो आधी केरबाकडे यायचा. कडेगावच्या अलीकडच्या त्या गावात बऱ्याच घरांतलं एखादं तरी माणूस गलाईच्या धंद्यात होतं. सोनारांकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि निर्मळ सोनं परत द्यायचं, असा हा धंदा. त्याच्यापायी इथली माणसं कुठल्या कुठं जाऊन राहिली होती. केरबा तर देशाच्याही पलीकडं, नेपाळात बुटवलला भट्टी घालून राहिलेला. त्यामुळं त्याच्या शब्दाला वजन होतं.

पोरं येऊन ओट्यावर बसायची आणि केरबा सांगायचा. असल कागद अंगावर ठेवायचे, नकला पेटीत. हद्द ओलांडायची ती दिवसाउजेडी. खोली बघताना आधी पाणी कुठनं येतं ते बघायचं, भाडं मागनं विचारायचं. आजारी पडायच्या आधी डॉक्टर हुडकून ठेवायचा. तिथल्या भाषेतले पहिले शब्द शिकायचे ते पाणी, मीठ, दवाखाना आणि 'सावकाश बोला'. आणि सगळ्यात शेवटी तो बोट वर करून म्हणायचा, "परमुलखात कुणाकडं काय मागायचं न्हाई, गड्या. मागितलं की मिंधं झालो. आन् मिंध्या माणसाच्या हातात कोण सोनं देतंय?"

हे ऐकून गेलेली पोरं तिकडं टिकली होती. त्यामुळं आपला सल्ला पुरा आहे, याबद्दल केरबाला कधी शंका आली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात त्याची बायको लीलाबाई गेली. दुखणं थोडक्याचंच झालं. त्यानंतर घरात तो आणि गोठ्यात म्हैस, एवढेच राहिले. एकुलती एक मुलगी संयोगिता साताऱ्याला दवाखान्यात नर्स होती. ड्युटी संपली की ती जर्मन भाषेच्या वर्गाला जायची. जर्मनीतल्या एका दवाखान्यानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. आई होती तेव्हा सुट्टीला आलेली संयोगिता चुलीपाशी बसून शब्द पाठ करायची आणि लीलाबाई भाकरी थापता थापता तिच्या मागनं म्हणायची. पाण्याला वासर म्हणतात, हे ऐकून ती इतकी हसली होती, की तव्यावरची भाकरी करपली. "गाईच्या पोटचं वासरू ठावं हाय मला. ह्यांनी पाण्यालाच वासर केलं!"

त्या दिवशी दुपारच्या एसटीनं संयोगिता आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "तात्या, व्हिसा आला."

केरबानं तिचा पासपोर्ट दोन्ही हातांनी धरला. त्या पानावर तिचा फोटो होता आणि पान उजेडात हलवलं की त्यावर चित्रं चमकायची. त्याची हद्द म्हणजे सुनौलीची कमान. ट्रकांच्या रांगेतून चालत गेलं की पलीकडं नेपाळ. आणि ही, जिला त्यानं त्या कमानीखालून खांद्यावर बसवून नेलं होतं, ती समुद्रावरून जाणार होती. त्याला पान मिटवेना.

"मग कवा निघायचं?"

"मी जात न्हाई."

"आं?"

"गोठ्यात दुभती म्हस हाय आन् घरात ताकाचा थेंब न्हाई. का, ते तुमी सांगा."

केरबानं पासपोर्ट मिटून तिच्या हातात दिला. लीलाबाई गेली त्या गडबडीत बायकांनी घरातली सगळी भांडी घासून पालथी घातली. त्यात दह्याचं मडकंही गेलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. दहावा उरकल्यावर भातावर घ्यायला ताक शोधताना त्याला कळलं, की घरातलं विरजणच संपलंय. तेव्हापासून तो म्हशीचं सगळं दूध डेअरीला घालत होता.

"भामामावशी सांगत हुत्या," संयोगिता म्हणाली, "भाजी-कोरड्यास दिलं तर तुमी परत करताय म्हणं. 'कशाला?' म्हणताय म्हणं. शेजारच्या वाटीला पण मिंधं व्हतंय का माणूस? तुमाला असं टाकून मी तिकडं दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करू?"

"माझं बरं चाललंय. तुझ्या आईची विच्छा हुती, तू जावंस ही. कागद अंगावर ठेव, खोली घेताना पाणी..."

"तात्या, ते सगळं दाराभाईरचं झालं. मी खोलीचं दार लावून आत एकटी उभी ऱ्हायले, की पुढं काय करायचं ते सांगा. आईनं बुटवलला पैल्या दिवशी काय केलं?"

केरबाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

बुटवलला पोचल्यावर त्यानं बायकोला आणि पेटीला खोलीवर सोडलं आणि तो भट्टीची जागा बघायला गेला. संध्याकाळी परत आला तर चूल पेटलेली, कोपऱ्यात झाकलेली वाटी आणि कुणाचंतरी लेकरू लीलाबाईच्या मांडीवर झोपलेलं. हे सगळं कुठनं आलं, असं त्यानं विचारलंही नाही. दह्याचं तेवढं ठाऊक होतं. लीलाबाई माहेराहून, साताऱ्याकडच्या पाटणहून निघताना तिच्या आईनं दह्यात भिजवून वाळवलेलं फडकं तिच्या पेटीत घातलं होतं. असलं फडकं कोमट दुधात टाकलं की दही लागतं. केरबा पुढं वर्षानुवर्षं अभिमानानं सांगायचा, की आमचं पाटणचं दही सुनौलीच्या पोलिसाच्या नाकाखालून गेलं आणि त्याला वासही आला नाही.

"देवकीमावशीला विचारूया," संयोगिता म्हणाली.

देवकी म्हणजे बुटवलची शेजारीण. गावी परतल्यापासून लीलाबाई तिच्याशी सणासुदीला फोनवर बोलायची. केरबानं तिला अजून कळवलं नव्हतं. कळवायचं म्हणजे ते मोठ्यानं बोलावं लागलं असतं.

संयोगितानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांची देवकी आली आणि तिच्या मागं बुटवलचा तो डोंगर दिसला. केरबा हिंदीत एवढंच म्हणाला, "दीदी, लीला गई." देवकीनं पदराचं टोक तोंडावर धरलं. मग संयोगितानं सावकाश तिला विचारलं, "मौसी, माँ ने पहले दिन क्या किया था?"

देवकी सांगू लागली, अर्धं हिंदीत, अर्धं नेपाळीत.

"माझ्या दारात येऊन उभी राहिली, हातात वाटी घेऊन. तिला आमची भाषा येत नव्हती. वाटीत बोट फिरवलं आणि गाईचं दूध काढल्यासारखं करून दाखवलं. मी हसले. मग कळलं, विरजण मागतेय. मी दिलं. दुसऱ्या दिवशी तीच वाटी दह्यानं भरून परत घेऊन आली."

"पाटणचं फडकं हुतं की तिच्याकडं," केरबा मराठीतच बोलून गेला.

संयोगितानं ते हिंदीत सांगितलं. देवकीनं मान हलवली. "होतं. मलाही ते फार पुढं दिसलं, तिची पेटी उघडी असताना. मी रागावले. म्हटलं, तुझ्याजवळ होतं तर माझ्याकडं का मागितलंस? तर म्हणाली, दीदी, परका माणूस काही द्यायला आला, की लोक बिचकतात. मागायला आला, की बिचकत नाहीत. वाटी घेऊन आले नसते, तर तुम्ही मला ओळखलं तरी असतं का?"

केरबानं फोन जवळ ओढला.

"पुढं एका पावसाळ्यात माझं दही नासलं," देवकी म्हणाली, "तेव्हा मी तिच्याकडून आणलं. परत तिचं गेलं तेव्हा माझ्याकडून. गावाला निघाली तेव्हाही ह्यातलंच विरजण घेऊन गेली. आता ते कुणाचं, मला विचारू नका. थांबा."

ती उठून आत गेली आणि लाकडाची ठेकी घेऊन आली. दही लावायचं तिकडचं भांडं. तिनं ती फोनसमोर तिरकी केली. आत पांढरंशुभ्र दही होतं, वरती जाडसर साय, आणि ठेकी कलली तरी ते हललं नाही.

केरबा उभा राहिला. भट्टीवरच्या मुशीतलं सोनं पहिल्यांदा पाणी होऊन चमकलं तेव्हा तो असाच उभा राहिला होता. वस्ताद ओरडला होता, मागं हो, तोंड भाजंल, पण त्याला मागं होता आलं नव्हतं. त्याच्या घरात मेलेलं दही तिकडं डोंगराच्या पायथ्याला जिवंत होतं. लीलाबाईच्या हातचं, आणि देवकीच्याही. त्यानं सारा जन्म एकात एक मिसळलेलं वेगळं करण्यात घालवला आणि ती त्याच्याच घरात बसून वेगळं वेगळं एक करत होती. तो रोज ते खात होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्याचं बोट वर करून सांगणं लीलाबाई चुलीपाशी बसून कितीदा ऐकत असे. तिनं एकदाही त्याला खोटं पाडलं नव्हतं.

फोन बंद झाल्यावर त्यानं लीलाबाईची पेटी ओढली. लुगड्यांच्या तळाशी फडकं होतं, पापडासारखं कडक आणि पिवळं पडलेलं. वाळल्या दह्याचा थर तसाच होता, ते एकदाही दुधात पडलेलं नव्हतं.

संयोगितानं ते हातात घेतलं. "टाकून बघू का दुधात? लागलंच तर?"

"नगं," केरबा म्हणाला. "ते तुझ्या बॅगंत ऱ्हाऊ दे. तिच्या पेटीत ऱ्हायलं तसंच."

एवढं बोलून त्यानं मांडणीवरची वाटी घेतली आणि तो बाहेर पडला. भामाबाईचं घर भिंतीला भिंत लागून. तरी ते अंतर त्याला लांब वाटलं. भामाबाई दारातल्या तुळशीपाशी दिवा लावत होती. केरबाच्या हातात वाटी बघून तिच्या हातातली काडी विझली.

"वैनी," तो म्हणाला, "जरा इरजण पायजे हुतं."

"आवं भावजी!" भामाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "जल्मात एकदा मागायला आला, ते बी दिवेलागणीला! आत्ता दही घराभाईर देतंय व्हय कुणी? लक्षुमी जातीया."

केरबाला हे लहानपणापासून माहीत होतं. दिवा लागल्यावर दही, दूध, मीठ कुणी दाराबाहेर देत नाही. पण मागायची सवय नसलेल्या माणसाच्या ध्यानात मागायची वेळ कुठून असणार? त्याचे कान तापले. "बरं," म्हणून तो वळला.

"निघाला का लगीच? लय मानी मानूस!" भामाबाई मागनं ओरडली. "दही भाईर जात न्हाई, दूध आत आलेलं चालतंय. जावा, दूध घेऊन या."

त्या संध्याकाळी डेअरीला दूध गेलं नाही. केरबानं म्हैस पिळली, दूध तापवलं आणि पातेलं पंच्यात धरून भामाबाईच्या घरात गेला. तिनं ते उंबऱ्याच्या आत ठेवून घेतलं.

"बोट घाला."

"आं?"

"बोट घालून बघा. सोसंल इतकंच कोमट पायजे. सोनं वितळवलं जल्मभर आन् दूध इरजता येत न्हाई! लीलाबाईनं लय लाडावून ठिवलंतं तुमाला."

केरबानं बोट बुडवलं. भट्टीची आग त्यानं नेहमी रंगावरून ओळखली होती, लांबून, डोळे बारीक करून. इतक्या थोड्या उबेला कधी हात लावला नव्हता. भामाबाईनं चमचाभर दही त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दुधात ढवळलं. ते कुठं गेलं, दिसलंसुद्धा नाही. तिनं झाकण ठेवलं आणि पातेल्याभोवती जुनं लुगडं गुंडाळलं.

"आता काय करायचं?"

"आता हलवायचं न्हाई. बस. घरला जावा."

सकाळी तो गेला तेव्हा संयोगिताही त्याच्या मागनं आली. भामाबाईनं झाकण काढलं. केरबानं पातेलं हळूच तिरकं केलं. दूध ओघळलं नाही. पांढरं, गुळगुळीत, कडेला थोडंसं सुटलेलं. तो बघतच राहिला. ना आग, ना तेजाब, ना भात्याचा आवाज. कुणी बघत नसताना, अंधारात, झाकणाखाली हे झालं होतं. आणि हे त्याच्या घरात रोज होत होतं.

"काय बघताय एवढं?" भामाबाई म्हणाली. "दहीच हाय ते."

"व्हय," केरबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"थोडं पातळ लागलंय. आज तुमचं तुमी लावा घरी. न्हाई लागलं तर या परत मागायला. पर दिवस हाय तवर या."

"येतो," केरबा म्हणाला. हा शब्द किती सहज तोंडातून गेला, याचंच त्याला नवल वाटलं. मग तो मुलीकडं वळला. "तिकडं गेलीस की पैल्या दिवशी शेजारी काय बी मागायला जा. मीठ माग, चमचा माग. तुझ्याजवळ असलं तरी माग. आन् आता तिकीट काढ."

"काढलं," संयोगिता म्हणाली.

"कवा?"

"काल तुमी वाटी घेऊन भाईर पडला न्हवं का? तवाच."