वाटेत जिरलेला जोर

मित्रांनो, मी चार मजली इमारतीच्या मागच्या भिंतीवरचा जुना लोखंडी पाईप. खालच्या टाकीतलं पाणी पंप ढकलायचा आणि मी ते चारही मजल्यांच्या नळांना पोहोचवायचो.

नवा होतो तेव्हा आतून गुळगुळीत होतो. नळाखाली हात धरून लोक म्हणत, "काय धार आहे!" फक्त खिडक्या चुकवायच्या म्हणून मला नऊ ठिकाणी वळवलं होतं. प्रत्येक वळणावर पाणी आपटायचं, घुसळायचं आणि त्याचा थोडा जोर तिथेच जिरायचा.

वर्षं गेली. क्षार आणि गंज साचून माझी पोकळी बोटाएवढी उरली. पाणी माझ्या खरखरीत अंगाला घासत, धापा टाकत चढू लागलं. चौथ्या मजल्यावर नुसती ठिबक. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी खालून बादल्या नेत. एके सकाळी त्या जिन्यात घसरल्या. उजवं मनगट मोडलं. शिवणाचं मशीन बंद राहिलं.

त्या दिवशी सगळे पंपावर तुटून पडले. "मेलाय हा पंप! मोठा आणा," सोसायटीचे सेक्रेटरी गरजले.

जोर गिळत होतो मी आणि शिव्या खात होता तो! पण पाईपाला कुठली जीभ? जुना पंप काढून जिन्याखाली टाकला. मोठा आला, माझे दोन सांधे गळू लागले, वर मात्र धार जेमतेम वाढली.

मग प्लंबरताईंना बोलावलं. त्यांनी खाली आणि वर दाब मोजला. "पंपाचा दोष नाही. जोर वाटेत जिरतोय."

"मग आणखी मोठा पंप बसवू?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नको हो! दुप्पट वेगानं ढकललंत, तर वाटेत चौपट जोर वाया जाईल. वाट रुंद करा, सरळ करा."

त्यांनी माझा एक तुकडा कापून सेक्रेटरींच्या हातात दिला. सेक्रेटरींनी तो डोळ्याला लावला, आतला गंज पाहिला आणि मान खाली घातली. "उगाच बोललो त्या पंपाला."

आठवड्यात नवा पाईप चढला, रुंद आणि दोनच वळणांचा. जुना पंप धुऊनपुसून पुन्हा जागेवर बसवला. मी अंगणात तुकडे होऊन पडलो होतो. वरून मावशींची हाक आली, "सासूबाई, बादली भरून वाहतेय बघा!"

मित्रांनो, मला भंगारात जायचं दुःख नाही. पण कुणाचं काम कमी पडलं, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याची वाट एकदा आतून बघा. मला कुणी वेळेवर बघितलं असतं, तर मावशींचा हात शाबूत असता.