लिफ्ट नसलेल्या गावात बाबागाडी

मी एक बाबागाडी. सिंगापुरात, बुकित बातोकमधल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या स्टँडला टेकून घडी होऊन उभी आहे. रंग मूळचा राखाडी. आता कुठला, ते विचारू नका. शनिवारी मी इथून जाणार आहे, म्हणून म्हटलं, जायच्या आधी एका दिवसाची गोष्ट सांगून टाकावी.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ऋताने खोक्यातून बाहेर काढलं, तिथून माझं आयुष्य सुरू झालं. तिला नववा महिना होता. खाली बसणं जमत नव्हतं, तरी ती फरशीवर बसली आणि माझी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला लागली. तिचा नवरा मंदार बोटींच्या इंजिनांचा इंजिनिअर. "अगं, मी अख्खी इंजिनं खोलतो, ही काय चीज आहे!" असं म्हणून त्याने माझी मागची चाकं पुढे बसवली.

मग जाई आली. माझ्या पट्ट्यांना दूध, केळं आणि वरणभात यांचा वास लागला.

सिंगापूर म्हणजे आम्हा बाबागाड्यांचं माहेर. स्टेशनात लिफ्ट, फुटपाथला उतार, बसमध्ये राखीव जागा. पायरी नावाची गोष्ट जगात आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. ऋताही बहुतेक विसरली होती.

जाई वर्षाची झाली, पण चालेना. सोफ्याला धरून उभी राहायची, कडेकडेने सरकायची. हात सुटला की मटकन बसायची. मराठी आयांच्या ग्रुपवर कुणाचं मूल दहाव्या महिन्यात चालायचं, कुणाचं नवव्या. क्लिनिकमधली नर्स म्हणाली, "दीड वर्षाची होईपर्यंत वाट बघू, मग तपासू." ऋताने कॅलेंडरवर त्या तारखेखाली पेन्सिलीने एक टिंब काढलं. कुणाच्या लक्षात येऊ नये इतकं बारीक.

तेवढ्यात पुण्याहून तिच्या सासूबाई आल्या, कुमुदताई. मला बघून म्हणाल्या, "या गाडीनेच पोर बसकी केली. पाय जमिनीला लागले तर चालेल ना!"

 नंतर माझा पट्टा पुसताना ऋता पुटपुटली, "खरंच असेल का गं? मीच बसवून ठेवलं का तिला?"

मला काय ठाऊक? पण त्या दिवसापासून मीही स्वतःकडे संशयाने बघू लागले.

टिंबाला दोन आठवडे राहिले होते. मंदारला कामासाठी इटलीतल्या एका बंदरावर जायचं होतं, म्हणून सगळेच निघालो. मधल्या रविवारी डोंगरमाथ्यावरचं एक जुनं गाव बघायचं ठरलं. टॅक्सीने आम्हाला वेशीपाशी सोडलं. दगडी वेस, दोन्ही बाजूंना तटबंदी, आणि आत शिरल्याबरोबर पायऱ्या. वर आणखी पायऱ्या. त्यांच्या वर दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी.

ऋताने शांतपणे इकडेतिकडे पाहिलं आणि कॉफीच्या दुकानातल्या एका आजोबांना विचारलं, "लिफ्ट?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसत हसत स्वतःच्या दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या.

"घ्या! हीच यांची लिफ्ट," कुमुदताई म्हणाल्या.

"गाडी इथेच ठेवू या ना," मंदार म्हणाला.

"आणि वर हिला कुठे बसवायचं? झोप आली तर? कुणी नेली तर?" ऋताचे प्रश्न सुरू झाले की मंदार हरतोच. त्याने मला खांद्यावर घेतलं. ऋताने जाईला कडेवर घेतलं. तिखटमिठाच्या पुऱ्यांची पिशवी कुमुदताईंकडे.

आयुष्यात पहिल्यांदा मी माणसाच्या खांद्यावरून जग पाहिलं. लाल मातीच्या कुंड्या. दोरीने घासून घासून काठावर खाचा पडलेली विहीर. एक थंडगार चर्च. तिथे जाईने एकदा "आऽ" केलं आणि ते घुमलं म्हणून अकरा वेळा केलं. दर वळणावर खाली ऑलिव्हची झाडं आणखी लहान दिसायची.

"सिंहगडच आहे हा," कुमुदताई धापा टाकत म्हणाल्या. "फक्त वर पिठलं-भाकरी नाही."

"आई, जरा बसता का?"

"तू बस. मी आठवड्याला एकदा चढते."

वर पोचलो तर एक चौक, विटांचा, बराचसा सपाट. मंदारने मला खाली ठेवलं आणि स्वतः पायरीवर आडवा झाला. ऋताने सवयीने जाईला माझ्यात बसवलं, पट्टा लावायला लागली. जाईने पाठीची कमान करून असा काही सूर लावला की कबुतरं उडाली.

"अगं, सोड तिला."

"आई, विटा आहेत. पडली तर डोकं..."

"पडू दे."

ऋताने पट्टा सोडला. जाई माझं चाक धरून उभी राहिली, सरकत सरकत मागे आली आणि हँडलखालचा दांडा पकडून मला ढकलायला लागली. मी रिकामी. हलकी. मागे कलंडायची भीती वाटली. कुमुदताई पुढे झाल्या. आता उचलून बाजूला ठेवतील, असं मला वाटलं. त्यांनी पुऱ्यांची पिशवी माझ्यात ठेवली, वर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "हं. आता झाला पांगुळगाडा. चल गं राणी."

आम्ही निघालो. मी पुढे, जाई मागे. विटांच्या फटींत माझं डावं चाक अडखळत होतं. मी जीव खाऊन सरळ राहिले. पायरीपासून समोरच्या बाकापर्यंत. बाकापासून परत.

मग एक पिवळी मांजर आली. शेपटी वर, घाई नाही. जाईने तिच्याकडे बघितलं आणि माझा दांडा सोडला.

ऋताचे दोन्ही हात पुढे गेले. कुमुदताईंनी तिचं मनगट धरलं. "थांब," त्या हळूच म्हणाल्या.

एक. दोन. तीन. चार. मग जाई मटकन बसली. मांजर निघून गेली. जाई रडली नाही. तिने पुन्हा तळवे टेकले, मागचा भाग वर केला आणि उठली.

रडली ती ऋता. मंदारने व्हिडिओ घेतला, पण घाईत त्यात फक्त आकाश आलं आणि ऋताचे हुंदके. कुमुदताईंनी जाईच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग ऋताच्या तोंडावरूनही फिरवले आणि पुन्हा मोडली. उतरताना मला एका बाजूने त्यांनीच धरलं.

त्याला दोन वर्षं झाली. आता जाई लिफ्टकडे धावत जाते. मी कॉरिडॉरमध्ये वाट अडवते, म्हणून ऋताने ग्रुपवर माझा फोटो टाकला. क्लेमेंटीहून क्षिप्रा नावाची एक आई मला न्यायला येणार आहे. तिचा मुलगा सोळा महिन्यांचा आहे.

आज ऋता मला धूत होती. क्षिप्राचा मेसेज आला. ऋता कुठलाही मेसेज दोनदा मोठ्याने वाचते, म्हणून मलाही कळला. "ताई, सहज विचारते. तुमची जाई कधी चालायला लागली?"

हा प्रश्न ऋताला खूपदा विचारला गेलाय. "वर्ष होता होता," असं ती हसून सांगते. आजही तिने तेच लिहिलं. मग ओल्या अंगठ्याने पुसलं.

जाई माझं चाक फिरवत उभी होती. इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ती म्हणाली, "व्हाय यू सो स्लो, आई? टेल हर लाह."

ऋताने पुन्हा लिहिलं, आणि लिहिता लिहिता वाचलं: "सतरा महिने, एकवीस दिवस. त्याआधी मी रोज घाबरत होते. आजवर खोटं सांगत होते सगळ्यांना. शनिवारी घाईने जाऊ नका. चहाला थांबा."

पाठवलं. फोन उलटा ठेवला आणि माझी दांडी घासायला लागली, जरा जास्तच जोरात.

क्षिप्राबाई, मी येते. माझ्यात बसवा त्याला, फिरवा, झोपवा. आणि कुणी म्हणालं की या गाडीनेच पोर बसकं केलं, तर मनावर घेऊ नका. मी पुष्कळ ऐकलंय. तेवढं माझ्यावर टाका.