चहाला जाणारं पॅलेट

गोदामात सगळे तिला ताईच म्हणत. माल रचलेल्या प्रत्येक लाकडी पॅलेटला ताईच्या हातचं लेबल लागायचं, त्याशिवाय एकाही पॅलेटची जागचं हलायची बिशाद नव्हती. लेबलवर बारकोडच्या काळ्या रेघा, त्यांच्याखाली आकडे आणि मधेमधे कंस. कंसातला आकडा नुसती वर्दी देतो: दहा आला की पुढे बॅच, सतरा आला की मालाची शेवटची तारीख. ताई घरातले वाढदिवस खुशाल विसरायची, पण सतराच्या पुढची तारीख? छे, शक्यच नाही!

आज मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माल जायच्या दारात तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने जाणारा माल आपोआप मोजणारी नवी कमान बसवली होती आणि आज त्या कमानीची परीक्षा होती. दिवसभराची मोजणी बरोबर आली, तर मोठे साहेब सगळ्या गोदामांना कमानी लावणार आणि धाकटी कामासाठी इथेच राहणार. नाही आली, तर उद्या बॅग उचलून पुन्हा परमुलखात. ताईने मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती. पडदेसुद्धा धुतले होते. धाकटीला त्यातलं काही बोलली नव्हती, उगाच दृष्ट लागायची.

"ताई, लेबल तुझंच आहे गं," धाकटीने सकाळी समजावलं होतं. "फक्त पोटात एक चिप आहे. पॅलेटचा नंबर कागदावरही तोच आणि चिपमध्येही तोच. तुझा बारकोड कसा, समोर जाऊन उजेड पाडल्याशिवाय तोंड उघडत नाही. चिप मात्र, कमानीने लांबून हाक मारली की खोक्याआडूनही ओ देते."

"म्हणजे तुझ्यासारखीच आगाऊ," ताई म्हणाली.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत वाटत होतं. मग मोजणी ताडून पाहिली, तर गाडीत चढलेल्या पॅलेटपेक्षा पडद्यावर एक जास्त. धाकटीने कमान थोडी वळवली, लोखंडी मांडण्या मागे सरकवल्या, तरी एक जास्तच. मोठे साहेब घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालू लागले. धाकटीचा चेहरा एवढासा झाला. लहानपणी परीक्षेहून येताना व्हायचा तस्साच.

"हे बघा साहेब," धाकटी शेवटी म्हणाली, "जास्तीचा नंबर एकच आहे. बाळांच्या दुधाच्या पावडरचं पॅलेट. सारखं आत-बाहेर करतंय, आणि एकदा बाहेर गेलं की मोजलं जातं. पण अख्खं गोदाम पालथं घातलं, हे पॅलेट कुठेच नाही."

"भूत आहे की काय?" साहेब करवादले.

ताई पडद्याजवळ गेली. पॅलेट सकाळच्या चहाच्या वेळी बाहेर, लगेच आत. जेवणाच्या सुट्टीत बाहेर, सुट्टी संपली की आत. दुपारच्या चहालाही स्वारी बाहेर जाऊन आली होती. पावडरचं पॅलेट चहाला जातं? या दारातून चहाला जाणारं गोदामात एकच माणूस होतं. बाकी सगळे मागच्या दाराने जात. ते माणूस म्हणजे ताई स्वतः.

तिने खांद्याची पर्स उघडून चष्म्याचं घर बाहेर काढलं. वर सकाळचंच लेबल चिकटवलेलं. छपाई फिसकटली म्हणून तिने पॅलेटला नव्या नंबरचं दुसरं लावलं होतं. आणि फिसकटलेलं लेबल फेकून देणं तिच्या जिवावर यायचं. डबा, छत्री, घरात जिथे तिथे तीच डकवलेली. इतकी वर्षं त्या रेघा बिचाऱ्या गप्प होत्या.

गुपचूप फाडून टाकावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण मग कमानीवरचा ठपका धाकटीला चिकटला असता.

"साहेब, भूत मी आहे," ताई म्हणाली आणि चष्म्याचं घर पुढे धरून कमानीखालून गेली. पडद्यावर पॅलेट बाहेर. परत आली. पॅलेट आत.

साहेबच असे हसत सुटले की त्यांना खुर्ची धरावी लागली. "म्हणजे कमान चुकली नाही! पर्समधलंसुद्धा सोडलं नाही की हिने!" त्यांनी तो नंबर वजा करून मोजणी पुन्हा लावायला सांगितली. ती बरोबर आली. "बाई, पुढच्या सोमवारपासून इथल्याच दुसऱ्या गोदामाचं काम धरा," ते धाकटीला म्हणाले.

ताईने डोळे पुसले आणि लेबलात नख घातलं. "मेलं, काढूनच टाकते."

"राहू दे," धाकटी म्हणाली. "तो नंबर मी मोजणीतून बाजूला काढलाय. तुझ्या नावावर."

संध्याकाळी ताई पर्स खांद्याला लावून निघाली. धाकटी दाराकडे पाठ करून पडद्यासमोर बसलेली होती. कामात दिसतेय, कशाला हाक मारा, म्हणून ताई पाय न वाजवता कमानीखालून गेली.

"थांब ताई," धाकटी पडद्यावरून नजर न काढताच म्हणाली, "मीही येते घरी."